उंची मोजा, आणि मुलीला खरं सांगा

शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागते. पहिलीपासून सातवीपर्यंत जी मुलगी दरवर्षी सगळ्यांत पुढे उभी असते, तिच्याबद्दलची वाक्यं घरात ठरलेली असतात. "आमच्या घराण्यात सगळे असेच", "तिची आत्याही उशिरा वाढली", "एकदा पाळी आली की भराभर उंच होईल बघा". पुष्कळदा ती खरीही ठरतात. पण त्यातली एखादी मुलगी अशी असते, की या वाट पाहण्यातच तिच्या उपचाराची चांगली वर्षं निघून जातात. टर्नर सिंड्रोमचं निदान उशिरा होतं त्यात डॉक्टरांचा वाटा असतो, तसाच घरातल्या आणि शेजारच्या या बोलण्याचाही असतो. म्हणून हा लेख फक्त आईवडिलांसाठी लिहिलेला नाही. अंगणवाडीताई, शिक्षक, मावश्या-आत्या आणि स्थळं सुचवणाऱ्या काकू यांनीही तो वाचावा.

आधी थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय अफवांना उत्तर देता येत नाही. मुलीच्या पेशींमध्ये साधारणपणे दोन एक्स गुणसूत्रं असतात. टर्नरमध्ये त्यातलं एक पूर्ण नसतं किंवा त्याचा काही भाग नसतो. काही मुलींत सगळ्याच पेशी अशा असतात, काहींत थोड्या अशा आणि थोड्या नेहमीसारख्या. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या हेन्री टर्नर या डॉक्टरांनी १९३८ मध्ये अशा सात रुग्ण मुली-स्त्रियांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. मूळ कारण गुणसूत्रात आहे हे कळायला १९५९ साल उजाडलं. जन्मणाऱ्या दर दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला टर्नर असतो. म्हणजे ५०,००० मुली-बायका असलेल्या एखाद्या तालुक्याच्या गावात अशा वीस-पंचवीस जणी असायला हव्यात. त्यातल्या किती जणींना आपल्या दुखण्याचं नाव माहीत असेल?

दोष कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो आणि बहुतेक वेळा सुनेकडे बोट दाखवूनच येतो. उत्तर सरळ आहे. पेशी बनताना किंवा विभागताना घडलेली ही चूक आहे. आईचं वय, गरोदरपणातलं खाणं, ग्रहण, नात्यातलं लग्न यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध नाही. पुढच्या बाळालाही तेच होण्याची शक्यता फार कमी असते. हे वाक्य डॉक्टरांनी आजी-आजोबांना समोर बसवून सांगावं, अशी विनंती आईवडिलांनी जरूर करावी. पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलेलं घरात जास्त टिकतं, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

शंका कधी घ्यायची? जन्मतःच बाळाचे हातपाय, विशेषतः पावलांचा वरचा भाग, सुजलेले असतील, मानेवर कातडीची घडी असेल, केसांची रेषा मानेवर खालपर्यंत आली असेल, तर तिथेच विचारा. बऱ्याच मुलींत मात्र असं काही ठळक दिसत नाही. उंची हीच एक खूण असते. सोबत वारंवार कान फुटणं, कोपरातून हात थोडे बाहेर वळलेले असणं, अंगावर पुष्कळ तीळ असणं, हेही कधीकधी असतं. तेरा वर्षं पूर्ण होऊनही छातीची वाढ सुरू झाली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर आणखी एक दिवाळी वाट पाहू नका. पाळी येऊन गेली म्हणजे टर्नर नाही, असंही नाही. काही जणींना ती आपोआप येते आणि काही काळाने थांबते.

उंची घरी मोजता येते, फक्त नीट मोजावी लागते. चपला काढायच्या, वेणी किंवा अंबाडा सोडायचा, टाचा भिंतीला टेकवायच्या, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवून भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि टेपने जमिनीपासून मोजायचं. दर सहा महिन्यांनी. चार-पाच वर्षांच्या वयापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर वाढतं. चारपेक्षा कमी वाढ असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि त्यांना ती वाढ भारतीय मुलांच्या तक्त्यावर मांडायला सांगा. भारतीय बालरोग संघटनेचे पाच ते अठरा वयाचे तक्ते २०१५ पासून उपलब्ध आहेत. "घराण्यातच बुटके" या म्हणण्याचीही एक सोपी परीक्षा आहे. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करा, दोनाने भागा आणि मुलीसाठी त्यातून साडेसहा सेंटीमीटर वजा करा. वडील १६८ आणि आई १५५ असेल तर मुलीची अपेक्षित उंची साधारण १५५ येते. तिची रेघ तक्त्यावर याच्या बरीच खालून चालली असेल, तर घराण्याचं कारण पुरत नाही.

अंगणवाडीताईंसाठी एक वेगळी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. इतक्या गर्दीत टर्नरची मुलगी सहज लपते. तिच्या नावापुढे "खुजेपणा" अशी नोंद होते आणि आहाराचा सल्ला मिळतो. ज्या मुलीचं वजन ठीक आहे, भावंडं नीट वाढताहेत आणि हीच मागे पडते आहे, तिला वेगळी काढून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. जन्मजात हृदयदोष आणि बहिरेपणा हे या कार्यक्रमात येतात, त्यामुळे टर्नरच्या मुलीला पुढच्या तपासण्यांचा रस्ताही तिथूनच मिळू शकतो.

निदानाची तपासणी एकच: कॅरिओटाइप. हाताच्या शिरेतून थोडं रक्त घेतात, उपाशीपोटी जावं लागत नाही. पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुणसूत्रं मोजायची असल्याने अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. त्या आठवड्यांत यूट्यूबवरची चित्रं बघत बसू नका. तिथे सगळ्यांत टोकाची लक्षणं दाखवतात. अहवालात वाय गुणसूत्राचा अंश आढळला, तर अंडाशयाच्या जागी गाठ होण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेविषयी डॉक्टरांशी बोलावं लागतं. त्याचा अर्थ "ही मुलगीच नाही" असा होत नाही. असं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

निदान झाल्यावर पहिलं काम हृदयाचं. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं, महाधमनी एका जागी अरुंद असणं, हे दोष टर्नरमध्ये नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. त्यामुळे मुलगी धडधाकट दिसत असली तरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचीच, पुढे एमआरआयही लागू शकतो, आणि रक्तदाब दर भेटीत मोजायचा. मग मूत्रपिंडाची सोनोग्राफी, कानांची तपासणी, डोळ्यांचा तिरळेपणा, दरवर्षी थायरॉइड, अधूनमधून साखर, यकृत आणि ड जीवनसत्त्व. गव्हातल्या ग्लूटेनची अॅलर्जी म्हणतात तो सीलिॲक आजारही या मुलींत जास्त दिसतो, त्याचीही रक्ततपासणी होते. तो निघालाच तर मराठी घराला फार अवघड जात नाही. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी आणि भात आहेच. फक्त हिंगाकडे लक्ष ठेवा. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि रोजच्या वरणातून ते पोटात जातं.

उंचीसाठी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं असतात. ती रोज, बहुधा रात्री, पेनाने, मांडीत किंवा पोटावर जागा बदलत घ्यायची. शक्यतो चार-सहा वर्षांच्या वयात सुरू करावीत, कारण हाडांची टोकं जुळली की त्यांचा उपयोग संपतो. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. फायदा काही सेंटीमीटरचा असतो, लवकर सुरू केलं तर जास्त. औषध फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं आणि गोठू द्यायचं नाही. भारनियमनाच्या गावात आणि लांबच्या प्रवासात बर्फाचं पॅक कापडात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवावं, औषध बर्फाला थेट टेकू देऊ नये. टीव्हीवरच्या उंची वाढवणाऱ्या पावडरींवर एक रुपयाही घालवू नका.

खर्च मोठा आहे, आणि इथे बरीच घरं माघार घेतात. माघार घेण्याआधी एक दार ठोठावून बघा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात टर्नर सिंड्रोमसाठीच्या ग्रोथ हार्मोनचा नावानिशी समावेश आहे. २०२२ मध्ये या धोरणाखालच्या मदतीची कमाल मर्यादा सर्व गटांसाठी ५० लाख रुपये करण्यात आली. अर्ज ठरावीक केंद्रांमार्फत होतो. महाराष्ट्रात ते केंद्र मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. मदत मिळेलच असं नाही, निर्णय समिती घेते. पण अर्जच केला नाही तर नकारसुद्धा मिळत नाही. मुलगी मोठी झाल्यावर तिची उंची १४७ सेंटीमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच किंवा त्याहून कमी राहिली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या खुजेपणाच्या व्याख्येत ती बसू शकते. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. प्रमाणपत्र घ्यायचं की नाही, हा निर्णय मात्र तिचाच असू द्या.

दुसरं औषध इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं हार्मोन, आणि माझ्या मते उंचीपेक्षा याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. अकरा-बाराव्या वर्षी अगदी कमी मात्रेने सुरू करून दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवतात, नंतर प्रोजेस्टेरॉन जोडतात, मग पाळी येते. वय वाढलेल्या मुलीला पाळी "आणण्यासाठी" एकदम गर्भनिरोधक गोळ्यांची पूर्ण मात्रा देणं हा सोपा पण चुकीचा मार्ग आहे. शरीराची वाढ नीट क्रमाने होत नाही आणि उंचीही लवकर थांबते. म्हणून सुरुवात एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडेच व्हावी. पुढे पन्नाशीच्या आसपासपर्यंत हे औषध चालू ठेवायचं असतं. "लग्न झालं, आता कशाला गोळ्या", "हार्मोनने कॅन्सर होतो" असं ऐकून विशी-पंचविशीत औषध सोडणाऱ्या बायकांची हाडं ठिसूळ होतात, हृदयावरही परिणाम होतो. त्यांच्या शरीरात जे बनत नाही तेच बाहेरून दिलं जातं. त्याला व्यसन किंवा जादा डोस समजू नका.

आता सगळ्यांत अवघड भाग. मुलीला सांगायचं कधी?

पुष्कळ आईबाप तिच्या अठराव्या वर्षापर्यंत, काही तर लग्न ठरेपर्यंत गप्प राहतात. हेतू चांगला असतो. पण रोज इंजेक्शन घेणाऱ्या मुलीला काहीतरी आहे हे केव्हाच कळलेलं असतं. तिला फक्त नाव माहीत नसतं, आणि आईने ते सांगितलं नाही म्हणजे ते लाजेचं असणार, एवढं ती शिकते. नंतर एखाद्या दिवशी फाइल हाती लागते किंवा मोबाइलवर शोधलं जातं. त्या दिवशी आजारापेक्षा फसवणूक जास्त लागते.

पाच-सहा वर्षांच्या मुलीला इतकंच पुरतं: "तुझ्या शरीराला वाढायला थोडी मदत लागते, म्हणून हे औषध." आठ-नऊच्या सुमाराला नाव सांगा, टर्नर हा शब्द घरात थायरॉइडसारखा सहज उच्चारला जाऊ द्या. इस्ट्रोजेन सुरू होताना पाळी आणि शरीराबद्दल बोलणं आपोआप निघतंच. तेव्हाच, बारा-चौदाच्या वयात, मूल होण्याबद्दलही सांगायला हवं: "तुझ्या अंडाशयात बीजं बहुधा नाहीत, त्यामुळे आपोआप दिवस राहण्याची शक्यता फार कमी आहे. आई होण्याचे दुसरे रस्ते आहेत, आणि आई न होताही माणूस छान जगतो." ती रडेल. रडू द्या. लगेच दत्तकाची माहिती पुढे करून तिचं रडणं थांबवू नका. वडिलांनीही त्या वेळी समोर असावं. हा "बायकांचा विषय" म्हणून बाप दुसऱ्या खोलीत गेला, तर मुलगी त्यातून अर्थ काढतेच. आणि तिला सांगण्याआधी नातेवाइकांना सांगू नका. निदान तिचं आहे. कुणाला, किती आणि केव्हा कळावं हे कळत्या वयापासून तिच्या मताने ठरावं.

शिक्षकांनी एक गोष्ट पक्की धरावी: या मुलींची बुद्धी सर्वसाधारण असते. वाचन, पाठांतर, शब्दसंग्रह बऱ्याचदा उत्तम असतो. अडतं ते भूमितीत, नकाशात, आकृत्यांत, काट्यांचं घड्याळ बघण्यात. समोरच्याचा चेहरा वाचण्यातही त्या कधी गोंधळतात आणि मैत्रीत मागे पडतात. हा आळस नव्हे. आकृती तोंडी पायरी-पायरीने समजावून सांगितली तर ती त्यांना कळते. गणिताची अडचण फार असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायन रुग्णालयात असा विभाग आहे, आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. ऐकू कमी येत असेल म्हणून पुढचा बाक द्या, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. खेळातून सरसकट वगळू नका. काय टाळायचं ते हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बाकी सगळं खेळू द्या. स्नेहसंमेलनात दर वर्षी तिलाच "छोटं बाळ" करायचं, तेरा वर्षांच्या मुलीला उचलून कडेवर घ्यायचं, "गोड बाहुली" म्हणायचं, हे बंद करा. तिच्याशी तिच्या वयाप्रमाणे बोला.

समाजात तिला सर्वांत जास्त बोचतात ते आपले आनंदाचे कार्यक्रम. डोहाळजेवणात ओटी भरायला कुणी पुढे यायचं, बारशाला पाळण्यात बाळ कुणी घालायचं, यावरून होणारी कुजबुज. मूल नसलेल्या बाईला मागे ठेवण्याची ही पद्धत आपल्याच घरातल्या बायका चालवतात, त्यामुळे ती बंदही त्याच करू शकतात. पुढच्या हळदीकुंकवाला यजमानीण तुम्ही असाल, तर एवढं हातात आहे. "वांझ" हा शब्द कुणी उच्चारला तर विषय बदलू नका, टोका.

लग्नाचं म्हणाल तर लपवाछपवीच्या मी पूर्ण विरोधात आहे. पत्रिका जुळली, उंची चालली, बाकी "लग्नानंतर बघू", असं ठरवून दिलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते सांगायला नको. शिवाय महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द करण्याचा दावा होऊ शकतो. पहिल्याच भेटीत फाइल उघडायची गरज नाही. पण दोघं एकमेकांना पसंत पडले की साखरपुड्याआधी मुलीने स्वतः मुलाला सांगावं, आणि हवं तर त्याला डॉक्टरांना भेटवावं. काही नकार येतील. हो म्हणणारा मात्र माहिती असून हो म्हणालेला असेल. मूल हवं असेल तर दात्या स्त्रीच्या बीजाने गर्भधारणा होऊ शकते, पण टर्नरमध्ये गरोदरपणाचा ताण महाधमनीला धोक्याचा ठरू शकतो, त्यामुळे आधी हृदयतज्ज्ञाचा होकार लागतो. दत्तकासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. जोडप्याप्रमाणेच एकटी स्त्रीही दत्तक घेऊ शकते. आणि लग्न न करण्याचा रस्ताही आहे, तो शेवटचा पर्याय म्हणून सांगू नका.

एक धोक्याची सूचना प्रत्येकीने पर्समध्ये चिठ्ठी करून ठेवावी. अचानक छातीत किंवा पाठीत चिरल्यासारखी तीव्र कळ आली, तर ती अॅसिडिटी समजून घरी थांबायचं नाही. रुग्णालयात जाऊन पहिलं वाक्य हे बोलायचं: "मला टर्नर सिंड्रोम आहे, महाधमनी तपासा." ईसीजी ठीक आला तरी महाधमनीचा पदर फाटलेला असू शकतो, सीटी स्कॅन किंवा इको लागतो. तरुण बाई आहे, हृदयाचं काय असणार, असं समजून अशा रुग्णाला परत पाठवलं जाऊ शकतं. त्या वेळी सोबतच्या माणसाने हट्ट धरावा.

अठरा वर्षं झाली की बालरोगतज्ज्ञांचा संबंध सुटतो आणि पाठपुरावाच थांबतो. शिक्षणासाठी पुणे, लग्नानंतर नाशिक, नोकरीसाठी दुबई, आणि जुने कागद आईच्या कपाटात. त्याआधीच एक फाइल मुलीच्या हाती द्या: कॅरिओटाइपचा मूळ अहवाल, शेवटचा इको, औषधांची मात्रा, पुढच्या तपासण्यांच्या तारखा. त्या कागदांचे फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा. पंधराव्या वर्षापासून डॉक्टरांशी निम्मं बोलणं तिलाच करू द्या.

मदतगट उभा करायला नोंदणी, पदाधिकारी, बॅनर काही लागत नाही. तीन-चार कुटुंबं महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या घरी जमली तरी पुरतं. इंजेक्शन देताना मूल रडू नये म्हणून काय करायचं, कुठल्या दुकानात औषध थंड साखळीत नीट मिळतं, शाळेला पत्र कसं लिहायचं, ही माहिती दुसऱ्या आईकडूनच मिळते. दहा वर्षांच्या मुलीला पंचवीस वर्षांची, नोकरी करणारी, आपल्यासारखीच बुटकी ताई भेटणं तर कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठं आहे. अडचण एवढीच की ही कुटुंबं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि गोपनीयतेमुळे डॉक्टर नावं देऊ शकत नाहीत. तेव्हा तुमच्या घरी अशी मुलगी असेल आणि तिची हरकत नसेल, तर पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांकडे स्वतःचा फोन नंबर लिहून ठेवा आणि सांगा, "नवीन कुणाला निदान झालं, तर त्या आईला हा द्या."